सिद्रामप्पांचा गळा

सिद्रामप्पांचा गळा मी आधी पाहिला आणि चेहरा बऱ्याच नंतर. परीक्षेच्या हॉलमध्ये एका उंच खुर्चीत ते मान मागे टाकून बसले होते. तोंड छताकडे, हात मांडीवर, आणि समोर तो गळा. आमच्या पुस्तकात गळ्याचं चित्र होतं आणि चित्रकाराने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी त्यात सगळं जरा ठळक काढलं होतं. हा गळा त्या चित्राहून ठळक होता. वर हायॉइडचं बारीक हाड, त्याखाली थायरॉइड कूर्चेचं टोक, म्हणजे लोक ज्याला कंठमणी म्हणतात ते, त्याखाली एक खळगा, मग क्रिकॉइडचं जाड कडं आणि त्याच्याखाली श्वासनलिकेची कडी, एकाखाली एक. आंधळ्यालाही सापडावं अशी सगळी व्यवस्था होती. मी तिथे नापास झालो.

ही चौऱ्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजच्या पहिल्या परीक्षेत जिवंत माणसाच्या अंगावर पेन्सिलने खुणा करून आतला अवयव नेमका कुठे आहे ते दाखवावं लागे. कुणाच्या वाट्याला हृदय येई, कुणाच्या यकृत, माझ्या वाट्याला गळा आला. परीक्षक म्हणाले, "क्रिकॉइड दाखव." मी घाईघाईने कंठमण्याच्या वर निळी रेघ ओढून मोकळा झालो. परीक्षकांनी ती रेघ पाहिली, मग मला पाहिलं आणि म्हणाले, "पुढचा."

निकाल लागला त्या दिवशी मी कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर तोंड पाडून बसलो होतो. समोर एक सायकल थांबली. चाळिशी ओलांडलेला, काठीसारखा उंच, काळा माणूस खाली उतरला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा शर्ट, आणि भर उन्हात कॉलरचं बटण गळ्याशी घट्ट लावलेलं.

"काय ओ डाक्टर," तो म्हणाला, "मी गिळलो न्हाय की. तुमाला कळलं न्हाय व्हय?"

मला काहीच कळलं नव्हतं. हा माणूस कोण, तो मला डॉक्टर का म्हणतोय, त्याने काय गिळलं नाही आणि त्याचा माझ्याशी काय संबंध? मग त्याने कॉलरचं बटण काढलं आणि मान वर केली. तो गळा मी जन्मात विसरणार नव्हतो. अशी आमची ओळख झाली.

सिद्रामप्पा मूळचे वळसंगचे. तिथे थोडी कोरडवाहू जमीन भावाकडे होती आणि हे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. घरात कानडी, कामावर मराठी, आणि शेजारच्या मागावरच्या माणसाशी हातवारे, कारण शेडमध्ये तीस-चाळीस माग एकदम खडखडायला लागले की तोंडाने बोलण्यात काही अर्थ नसे. आयुष्यभर त्या आवाजात काम केल्याने ते बाहेर आले तरी मोठ्याने बोलत. दवाखान्याच्या वॉर्डातून जाताना कुणाला नुसतं "बरं हाय का?" म्हणाले तरी सहा पेशंट जागे व्हायचे.

त्यांच्या गळ्याचा शोध आमच्या अ‍ॅनाटॉमीच्या गोसावी सरांनी न्हाव्याच्या दुकानात लावला. सर दाढी करायला बसले होते. शेजारच्या खुर्चीत सिद्रामप्पांनी हनुवटी वर केली आणि सर अर्ध्या तोंडाला साबण असताना उठून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. सिद्रामप्पांना वाटलं हा माणूस वेडा आहे. न्हाव्यालाही तसंच वाटलं. सर म्हणाले, "वर्षातून दोन दिवस हा गळा मला द्याल का?" यावर सिद्रामप्पांनी विचारलेला प्रश्न ते स्वतःच हसत हसत सांगत: "परत मिळंल का?"

तेव्हापासून दरवर्षी परीक्षेला ते येत. त्या दोन दिवसांची तयारी ते लग्नघरासारखी करत. आदल्या दिवशी दाढी, सकाळी पुन्हा दाढी. चंदनाच्या साबणाने आंघोळ. धूळ लागू नये म्हणून गळ्याभोवती नवा टॉवेल गुंडाळून सायकलवर यायचं. एरवीही ते वर्षभर कॉलरचं बटण उघडत नसत. "सामान झाकून ठिवावं," म्हणायचे. खुर्चीत बसले की गळ्यातली इष्टलिंगाची दोरी अलगद एका बाजूला सरकवत आणि विद्यार्थ्याला आधीच बजावत, "तिकडं पेन्सिल न्यायची न्हाय, बाकी सगळं तुमचं." एक विद्यार्थी झाला की शिपाई स्पिरिटच्या बोळ्याने खुणा पुसून गळा कोरा करायचा. शेवटच्या मुलाच्या खुणा मात्र सिद्रामप्पा पुसू देत नसत. त्या घेऊन ते तसेच पाळीवर जात आणि मागावरच्या लोकांना बटण काढून दाखवत. हे थायरॉइड, हे क्रिकॉइड, हितं आवाजाच्या पट्ट्या. दोन दिवस मोठमोठे डॉक्टर आपल्याला "अहो, जरा मान वर करा" म्हणतात, बसायला खुर्ची आणि चहाबरोबर खारी देतात, ह्याचं त्यांना फार अप्रूप होतं. कारखान्यात त्यांना कुणी अहो म्हणत नव्हतं.

आता त्या गिळण्याचं सांगतो. इतकी वर्षं शेकडो बोटं गळ्यावर फिरल्यावर आणि प्रत्येक वेळी सरांनी बरोबर जागा दाबून दाखवल्यावर, आपल्या गळ्यात काय कुठे आहे हे सिद्रामप्पांना आमच्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं. त्यांना मुलांची दया येई. म्हणून त्यांनी एक रीत ठेवली होती. विद्यार्थ्याचं बोट बरोबर जागी आलं की ते एक घोट गिळत. कंठमणी वर जाऊन खाली येई आणि पोराला समजे. चुकीच्या जागी आलं की दगडासारखे स्वस्थ. होस्टेलवरच्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक होतं. मी मावशीकडे राहणारा, सात वाजता जेवून नऊला झोपणारा. मला कोण सांगणार?

"ही तर कॉपी झाली, सिद्रामप्पा," मी एकदा म्हणालो.

"कशी काय? मी बोलत न्हाय. मान हालवत न्हाय. घोट गिळायला कुनाची परवानगी लागती व्हय?"

या रीतीचा एकदा चांगलाच घोटाळाही झाला होता. एका वर्षी निघायला उशीर झाला म्हणून त्यांनी उभ्याउभ्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आणि पाणी न पिता सायकल हाणली. खुर्चीत बसले तर चटणीचा कण घशात अडकलेला. मग ते गिळतच सुटले. पहिल्या मुलाने बोट हनुवटीखाली ठेवलं, सिद्रामप्पांनी गिळलं, त्याने तिथे क्रिकॉइड काढलं. दुसऱ्याने छातीच्या हाडाशी ठेवलं, पुन्हा गिळलं. तिसऱ्याने कानाखाली. एकाच माणसाचं क्रिकॉइड तीन ठिकाणी कसं, म्हणून सर चक्रावून गेले. ती तिन्ही मुलं नापास झाली आणि सिद्रामप्पांनी त्या दिवसापासून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपासून चटणी सोडली. सोलापुरात राहून चटणी सोडणं किती अवघड आहे ते इथल्याच माणसाला कळेल.

माझी अडचण साधी होती. माढ्याला वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी पत्र पाठवलं होतं: ऑक्टोबरच्या परीक्षेत पुन्हा गेलास तर पेटी घेऊन घरी ये, गादीवर जागा आहे. गादीवर जागा नव्हती, तिथे माझे दोन भाऊ आधीच बसले होते. पण वडील बोलले की बोलले. हे सगळं मी त्या चहाच्या गाड्यावर सिद्रामप्पांना सांगून टाकलं. परक्या माणसाला का सांगितलं कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "सुट्टीदिवशी घरला या. गळा घरीच असतोय."

मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी जाऊ लागलो. ते पाटावर बसत, मी समोर. त्यांची बायको गौराक्का चुलीपाशी. पहिल्या दिवशी मी पुन्हा वरून सुरुवात केली. हनुवटीखालून बोट खाली आणू लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"वरनं येऊ नका. वरनं आलं की मांसात बोट फसतंय आन पयला जो टणका लागंल त्येलाच तुमी क्रिकॉइड म्हनताय. खालनं चला. छातीच्या हाडावर हा खळगा हाय न्हवं, हितनं निघा. एक एक कडं मोजत वर. जे कडं बाकीच्यांपेक्षा जाड लागंल ते तुमचं. त्येच्या वर बोट जरा आत जाईल. तितं थांबायचं."

मी तसं केलं, पण डोळे त्यांच्या गळ्यावरच रोखलेले. ते म्हणाले, "बगू नका की. बगून काय व्हतंय?"

मग त्यांनी मागाचं सांगितलं. ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, हजारभर तारा एकाला एक लागून असतात. एक तुटली की टॉवेलावर वरपासून खालपर्यंत रेघ पडते. नवा माणूस डोळे फाडून तुटकी तार शोधतो आणि दहा मिनिटं घालवतो. जुना माणूस तळहात ताण्यावरून हलकेच फिरवतो, आणि जिथे ढिलं लागतं तिथे बोट थांबतं. "माज्या बोटाला कळतंय," ते म्हणाले, "मला मागनं कळतंय." मग त्यांनी गौराक्कांकडून एक टॉवेल मागून घेतला आणि माझ्या डोळ्यांना पट्टी बांधली. शेजारच्या बायका दारात येऊन बघू लागल्या. सिद्रामप्पांच्या घरी एक डॉक्टर आंधळी कोशिंबीर खेळतो, अशी बातमी त्या गल्लीत पसरली. आजही कुणाच्या गळ्याला हात लावताना माझे डोळे आपोआप मिटतात आणि नवे पेशंट घाबरतात.

दोन महिन्यांत मला जमायला लागलं, आणि त्याच दोन महिन्यांत भलतंच काहीतरी झालं. सिद्रामप्पा जॉबर झाले. जॉबर म्हणजे दहाबारा मागांची देखभाल बघणारा, उभं राहून माग हाकण्याची धावपळ संपली. गौराक्कांना आनंद झाला. आता नवरा जरा अंगाने भरावा म्हणून त्यांनी तूप वाढायला सुरुवात केली. मी आलो की मलाही बसवत. "ऊट माड्री," म्हणजे जेवा, म्हणत ताटात भाकरी पडे, वर वरण, वर तुपाची धार, आणि नको म्हणायची सोय नाही. मी वीस वर्षांचा, मला काही फरक पडला नाही. सिद्रामप्पांना पडला.

एका दिवशी माझं बोट खळग्यातून वर निघालं आणि कडी लागेनात. मी पट्टी काढून पाहिलं. गळा भरला होता. कंठमणी होता जागेवर, पण त्याच्या आजूबाजूला सगळं गुळगुळीत झालं होतं.

सिद्रामप्पांनी भिंतीवरचा आरसा काढून हातात घेतला. बराच वेळ मान इकडे तिकडे फिरवून पाहिली. मग आरसा पालथा ठेवला.

"आता मला कोन बोलावनार?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी पहिल्यांदा ऐकला. हा माणूस वर्षातले दोन दिवस कशासाठी जगतो ते मला त्या क्षणी समजलं. तूप खाऊन मीही त्यात हातभार लावला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं. पुढच्या सुट्टीला गेलो तर गौराक्का माझ्यावरच उखडल्या. "काय ओ डाक्टर, परीक्षा तुमची आन उपास ह्येंचा?" सिद्रामप्पा मात्र पट्टी बांधत म्हणाले, "तिचं सोडा. जरा दाबून बगा. कडी गेली न्हाईत कुटं, आत बसल्यात." आणि खरोखरच, जरा दाबून, जरा सावकाश गेलं की ती लागत. उपास करूनही गळा काही पुन्हा बारीक झाला नाही. परीक्षेच्या दिवशी ते गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून आले ते धुळीसाठी की झाकण्यासाठी, मला सांगता येणार नाही.

त्या वर्षी बाहेरून आलेले परीक्षक स्वतः घशाची ऑपरेशनं करणारे होते. टक्कल, जाड चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी टॉवेल काढायला लावला, गळा पाहिला आणि गोसावी सरांना विचारलं, "हाच का तो तुमचा प्रसिद्ध गळा?" सरांनी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. सिद्रामप्पा छताकडे बघत राहिले.

आम्ही नापास झालेले सातजण. माझा नंबर शेवटचा. पहिल्या पाचजणांचं गिळण्यावर निभावलं. सहाव्याच्या वेळी परीक्षकांचं लक्ष गेलं. त्यांनी चष्मा वर केला, सिद्रामप्पांच्या गळ्याकडे पाहिलं, मुलाच्या बोटाकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "अहो, जरा तोंड उघडा. मोठं. आता परीक्षा संपेपर्यंत तसंच ठेवा."

उघड्या तोंडाने घोट गिळणं फार अवघड. ते सिद्रामप्पांना त्या दिवशी कळलं आणि मलाही. सहावा मुलगा पेन्सिल हातात धरून नुसता उभा राहिला आणि मग मला बोलावणं आलं.

"या माणसाचा श्वास वरच्या वर अडकलाय," परीक्षक मला म्हणाले. "ऑपरेशनला वेळ नाही. सुई कुठे घालशील? खूण कर."

सिद्रामप्पांचा आ वासलेला होता. डोळे छतावर. मला त्यांच्याकडून काहीही मिळणार नव्हतं. समोर तो भरलेला, गुळगुळीत गळा होता, आणि माझ्या मनात माढ्याची गादी, दोन्ही भावांच्या मधली ती नसलेली जागा. मी डोळे मिटले. छातीच्या हाडावरच्या खळग्यात बोट ठेवलं आणि वर निघालो. एक कडं. जरा दाबलं. दुसरं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग जाड, घट्ट, अंगठीच्या खड्यासारखं एक कडं. त्याच्या वर बोट आत गेलं, सुई घालायची ती जागा. मी तिथे थांबलो, डोळे उघडले आणि निळी रेघ ओढली.

परीक्षकांनी आपलं बोट रेघेवर ठेवून दाबलं. वहीत काहीतरी लिहिलं.

"डोळे का मिटलेस?"

"सर, बघून सापडत नव्हतं."

त्यांनी वही मिटली आणि गोसावी सरांकडे वळून म्हणाले, "ह्यांना दरवर्षी बोलवा. माझ्याकडे येणारे पेशंट असलाच गळा घेऊन येतात." मग मला म्हणाले, "जा." मी दारातून वळून पाहिलं तर सिद्रामप्पा तसेच आ वासून बसलेले. तोंड मिटा म्हणून कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं ते परीक्षेला जात राहिले, भरल्या गळ्याने, मानाने. आता ते नाहीत, गौराक्काही नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. पण आठवले की ते मला त्याच दिवशी दुपारचे दिसतात.

निकालाला महिना होता आणि मला महिनाभर थांबणं शक्य नव्हतं. मी मावशीची सायकल काढली आणि एमआयडीसीत गेलो. तीनची पाळी सुरू झाली होती. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि कानात तो खडखडाट भरला. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. सिद्रामप्पा टोकाच्या मागाशी वाकून पाना फिरवत होते. मी हाक मारली, ती मलाच ऐकू आली नाही. शेवटी एका बाईने त्यांच्या खांद्याला हात लावून माझ्याकडे बोट दाखवलं.

आमच्यामध्ये माग होते, पुढे जायला वाट नव्हती. मी स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि भुवया उंचावल्या.

त्यांनी पाना खाली ठेवला. हात टॉवेलला पुसले. कामावर बाहेरच्या माणसासमोर कधी न उघडलेलं कॉलरचं बटण काढलं आणि हनुवटी वर केली. माझी निळी रेघ तिथे होती, पुसू दिली नव्हती. त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड घट्ट मिटलं आणि सावकाश एक घोट गिळला.

रेघ जागच्या जागी राहिली. तिच्याखालचं सगळं वर गेलं आणि पुन्हा आपल्या जागी आलं.